उंबऱ्याच्या आतला इलाज

१९३९ साली दत्तात्रेय परचुरे शास्त्री सेवाग्राम आश्रमाच्या दाराशी येऊन उभे राहिले. संस्कृतचे गाढे पंडित, सत्याग्रहात तुरुंग भोगलेले. १९३२ मध्ये ते येरवड्याच्या तुरुंगात होते आणि गांधीजीही तिथेच होते. पण शास्त्रींना कुष्ठरोग असल्याचं उघड झालेलं असल्यामुळे त्यांना वेगळ्या भागात ठेवलं होतं, दोघांची भेट होऊ दिली जात नव्हती. एकाच तटाच्या आत राहून दोघांनी पत्रांवर भागवलं. आता रोग बराच पुढे गेला होता आणि शास्त्रींना जायला दुसरी जागा उरली नव्हती.

आश्रमात बायाबापड्या होत्या, लेकरं होती, देशभरातून येणारे पाहुणे होते. गांधीजींनी आश्रमवासीयांशी बोलणं केलं आणि आपल्या कुटीपासून हाकेच्या अंतरावर शास्त्रींसाठी झोपडी उभी करवली. परचुरे कुटी म्हणून ती आजही सेवाग्रामात आहे. त्यानंतरचा काळ दुसऱ्या महायुद्धाचा आणि वैयक्तिक सत्याग्रहाचा. काँग्रेसचे पुढारी वर्ध्याच्या स्टेशनवर उतरून सेवाग्रामचा धुळीचा रस्ता तुडवत होते, आणि ज्यांच्या भेटीसाठी ते येत होते ते गांधीजी शास्त्रींच्या जखमा धूत होते, त्यांच्या अंगाला मालिश करत होते. या मालिशचं एक छायाचित्र आहे. उघड्या अंगाचे गांधीजी शास्त्रींवर ओणवे झालेले आहेत. कुष्ठरोगाविषयीच्या भारतातल्या कित्येक पुस्तकांत, भित्तिपत्रकांत ते छापलं गेलं.

या सेवेमागे एक जुनी रुखरुख होती. दक्षिण आफ्रिकेत असताना एक कुष्ठरोगी त्यांच्या दारात आला होता. त्याला नुसतं जेवू घालून वाटेला लावणं त्यांना जमलं नाही. घरात ठेवून घेतलं, जखमा बांधल्या. पण कायमचं ठेवून घेण्याची मनाची तयारी नव्हती, म्हणून शेवटी गिरमिटियांसाठीच्या सरकारी इस्पितळात पाठवलं. हे सगळं त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं आहे. सेवाग्रामात त्यांनी ते अपुरं राहिलेलं काम हाती घेतलं, असं मला वाटतं.

त्या छायाचित्राची थोरवी मोठीच आहे. तरी त्याच्या कडेला काय आहे तेही पाहायला हवं. शास्त्रींची झोपडी जवळ होती, पण वेगळी होती. आणि शास्त्रींचा अखेरचा काळ सेवाग्रामात गेला नाही. तो वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या कुष्ठधामात गेला, १९४५ मध्ये तिथेच ते वारले. ज्याच्या सेवेला प्रत्यक्ष गांधीजी होते, त्यालाही शेवटी कुष्ठरोग्यांच्या वस्तीतच जावं लागलं. कुष्ठरोगाच्या कलंकाविरुद्धचा महाराष्ट्रातला लढा बराचसा वर्ध्याच्या पन्नाससाठ मैलांच्या परिसरात लढला गेला. त्यातला खरा प्रश्न रोग्याला कोण हात लावतो एवढाच नव्हता. रोग्याला आपल्या घरात, आपल्या गावात राहता येतं की नाही, हा तो प्रश्न होता.

रोगाची रीतच अशी की माणसाने त्याचा अर्थ चुकीचा लावावा. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत साधारण पाच वर्षं जातात, कधी वीसही. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूशी लढण्याची ताकद जन्मतःच असते, त्यामुळे एका घरात दहा जण राहूनही एकालाच रोग होतो. पटकी आली की ती कुणाच्या घरून कुणाच्या घरी गेली ते गावाला दिसायचं. महारोग मात्र कुठून आला, याला आणि यालाच का आला, हे कुणालाच सांगता येत नसे. मग पूर्वजन्मीचं पाप, शाप, रक्तातला दोष, अशी उत्तरं आली. त्यातही रोग वाढला की जे दिसतं ते भीती वाढवणारंच. जंतू मज्जातंतूंवर घाला घालतो. हात बधिर होतो आणि चुलीतलं जळतं लाकूड उचललं तरी चटका कळत नाही, काटा रुतून दिवस गेले तरी ध्यानात येत नाही. त्या जखमा चिघळून बोटं झडत जातात. लोकांना वाटलं, रोगच माणसाला आतून खातो आहे. एका घरात रोग निघाला की त्या घरच्या मुलींची लग्नं अडत. मग घरची माणसंच त्याला रात्रीच्या वेळी गाडीत घालून नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला, जिथे भीक मिळेल अशा कुठल्याही तीर्थाच्या घाटावर नेऊन सोडत. क्रूर माणसंच असं करत असं नाही. घर वाचवायचं म्हणून भाऊ हे करत, मुलगेही करत.

मुंबईतल्या शहाण्यासुरत्यांनी या रोगाकडे लक्ष दिलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कडू कवठीच्या बियांचं तेल वापरून रोग्यांवर उपचार केले. त्याच मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात हेन्री व्हँडाइक कार्टर हा डॉक्टर होता. वैद्यकाचे विद्यार्थी आजही वापरतात त्या ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’तल्या मूळ आकृत्या याच्याच हातच्या. १८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनला गेरहार्ड आर्मौर हॅन्सेनने कुष्ठरोगाचा जंतू शोधला, त्या सुमारास कार्टर नॉर्वेत जाऊन तिथली कुष्ठरोग्यांची आश्रयस्थानं पाहून आला आणि १८७४ मध्ये त्याचा अहवाल छापला. रोग जंतूने होतो, तेव्हा रोग्यांना वेगळं ठेवा, हा त्याचा निष्कर्ष. पापाची जागा जंतूने घेतली. विज्ञानाच्या दृष्टीने ही केवढी झेप. पण रोग्याच्या वाट्याला काय आलं? आधी त्याला पापी म्हणून घराबाहेर काढत होते, आता जंतूंचं आगर म्हणून काढू लागले.

१८८९ मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने गेले आणि युरोपात घबराट उडाली. साम्राज्यातल्या रोग्यांचा रोग गोऱ्यांच्या घरात शिरेल या भीतीने लंडनमध्ये निधी उभा राहिला आणि तपासासाठी एक आयोग १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानात आला. आयोगातल्या डॉक्टरांनी देश पालथा घालून सांगितलं की रोग आनुवंशिक नाही, त्याची लागण होण्याचा धोका फार थोडा आहे, सक्तीने कोंडून ठेवण्याची गरज नाही. १८९३ मध्ये हा अहवाल छापला गेला तेव्हा लंडनच्या समितीने त्याच पुस्तकात आपली असहमती नोंदवली. आयोगाने जे पाहिलं ते ऐकून घ्यायची कुणाची तयारी नव्हती.

मुंबईत तोवर कृती झालीही होती. म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उघडलं. आज वडाळ्याला अ‍ॅक्वर्थ रुग्णालय म्हणून आहे ते हेच. या अ‍ॅक्वर्थ साहेबाचं नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक असायला हवं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत ऐतिहासिक पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह त्यांनी सिद्ध केला आणि मराठी पोवाडे इंग्रजीत नेले. गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे जिव्हाळ्याने जमवणारा हा माणूस निर्दय नव्हता. रस्त्यावर मरणाऱ्यांना छप्पर मिळावं हीच त्यांची इच्छा होती. डॉ. नसरवानजी चोक्सींसारखा कळकळीचा डॉक्टर तिथे होता. तरीही त्या जागेत रोगी स्वखुशीने आले असं म्हणता येणार नाही. शहराने त्यांना रस्त्यांवरून उचलून एका कुंपणाच्या आत आणलं होतं.

१८९८ च्या कायद्याने हे कुंपण साऱ्या देशासाठी पक्कं केलं. सरकारने जाहीर केलेल्या भागात भीक मागणारा किंवा उपजीविकेचं साधन नसलेला कुष्ठरोगी दिसला की पोलिसाने त्याला वॉरंटशिवाय पकडावं, डॉक्टरने प्रमाणपत्र द्यावं, मॅजिस्ट्रेटने आश्रयस्थानात धाडावं. कुष्ठरोग्याने सार्वजनिक विहिरी-तळ्यांवर पाणी भरू नये, आंघोळ करू नये, खाण्यापिण्याचे पदार्थ वा कपडे बनवून विकू नयेत, भाड्याची गाडी हाकू नये. स्वतःच्या माडीवर राहणाऱ्या श्रीमंत रोग्याला हा कायदा हात लावत नव्हता. जंतू गरिबाच्या अंगात असला तरच तो गुन्हा होता. पाणवठ्याची बंदी आपल्या समाजाला नवी नव्हती, अस्पृश्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. आता एका रोगाच्या नावाने ती छापील कायद्यात आली. पकडून नेलेला रोगी बरा होऊन घरी येण्याची शक्यता नव्हतीच, कारण इलाजच नव्हता. चौलमोग्र्याच्या तेलाची दुखरी इंजेक्शनं होती, त्यांचा गुण बेभरवशाचा.

या काळात रोग्याला माणूस म्हणून कुणी जवळ केलं असेल तर ते बहुतांशी ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. मिरज, पोलादपूर, अचलपूरजवळचं कोठारा, पुण्याचं कोंढवा, ही नावं त्या सेवेची आहेत. हिंदू समाजाने हे काम परक्यांवर टाकलं होतं, हे आपण मान्य करायला हवं.

१९३६ मध्ये हे चित्र वर्ध्यात पालटायला लागलं. विनोबांच्या सहवासात वाढलेले मनोहर दिवाण हे तरुण कार्यकर्ते वर्ध्याच्या आसपासच्या खेड्यांत खादी-ग्रामोद्योगाच्या निमित्ताने फिरत होते. गावोगाव त्यांना गोठ्यात, शिवारातल्या खोपटात वेगळे काढून ठेवलेले कुष्ठरोगी दिसले. हेच काम करायचं असं त्यांनी ठरवलं आणि विनोबांनी आशीर्वाद दिला. वर्ध्याजवळ दत्तपूरला महारोगी सेवा समितीचं कुष्ठधाम उभं राहिलं. मिशनबाहेरच्या भारतीय माणसाने आयुष्य वाहून घेऊन चालवलेलं असं ठिकाण त्याआधी महाराष्ट्रात नव्हतं. दत्तपूरला शेती होती, सूतकताई होती. ज्याच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं त्याच्या हाताला तिथे काम होतं. परचुरे शास्त्री अखेर आले ते इथे. आणि गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमाच्या १९४५ च्या सुधारित आवृत्तीत कुष्ठरोग्यांची सेवा हे कलम घातलं, त्यामागेही दत्तपूरचा अनुभव होताच. १९४६ मध्ये अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी काम सुरू केलं, त्यातून तपोवन उभं राहिलं.

आणि मग वरोरा. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, हे हिंगणघाटचे, जमीनदाराघरचे, वकिलीत जम बसलेले, वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष. भंगी कामगारांचं दुःख कळावं म्हणून ते स्वतः मैल्याची टोपली डोक्यावरून वाहत. अशाच एका पावसाळी फेरीत रस्त्याकडेला त्यांना तुळशीराम दिसला. बोटं झडलेली, जखमांत किडे. आमटे घाबरून पळाले. इंग्रज सैनिकांशी दोन हात करणारा, शिकारीत न डगमगणारा माणूस एका असहाय रोग्याला पाहून पळाला, हे त्यांना स्वतःलाच सहन होईना. ते परत गेले, तुळशीरामवर आडोसा उभारला, त्याचं शेवटचं केलं. पुढे बाबांनी हे आयुष्यभर सांगितलं आणि त्यातली आपली भीती कधी लपवली नाही. भीतीचाच इलाज करायचा म्हणून १९४९ मध्ये ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकायला गेले. तिथे प्रयोगासाठी आपल्या अंगात कुष्ठाचे जंतू टोचून घ्यायलाही ते तयार झाले.

१९५१ च्या जूनमध्ये वरोऱ्याजवळ सरकारने दिलेल्या खडकाळ पन्नास एकरांवर आनंदवन सुरू झालं. उद्‌घाटनाला विनोबा होते. बाबा, त्यांच्या पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा रोगी, एक लंगडी गाय. पाणी नव्हतं, विहीर खणायची होती, आणि खणणाऱ्यांच्या हातांना धड बोटंही नव्हती. त्यांनी विहीर खणली, शेतं काढली, भाजी पिकवली. पुढची अडचण मात्र कुदळीने फुटणारी नव्हती. वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनची भाजी कुणी घेईना, दूध कुणी घेईना. १९५४ च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात राहून इमारती बांधू लागले. तिथलंच जेवत होते, तिथलंच पाणी पीत होते. गावातले लोक आधी बघायला आले आणि मग हळूहळू गिऱ्हाईक झाले. ज्या समाजाला शेजारच्या रोग्याच्या शब्दाने पटलं नाही, त्याला परदेशी पोराच्या जेवणाने पटलं! वाईट वाटतं, पण घडलं ते असंच.

आनंदवनात पुढे जे जे उभं राहिलं त्यात मला सर्वांत मोठं वाटतं ते १९६४ मध्ये सुरू झालेलं आनंदनिकेतन महाविद्यालय. पाठोपाठ तिथे कृषी महाविद्यालयही आलं. कुष्ठरोग्यांच्या वस्तीत, कुष्ठरोग्यांच्या श्रमाने बांधलेल्या वर्गांत आसपासच्या तालुक्यांतली निरोगी मुलं शिकू लागली. ज्या घरांनी आपल्या रोग्याला बाहेर काढलं होतं, त्याच मुलखातल्या आयांना आता आपला मुलगा बी.ए. व्हावा म्हणून त्याला आनंदवनात पाठवावं लागत होतं. एरवी समाज रोग्यावर उपकार करतो. इथे रोगी देणारा झाला आणि गाव घेणारं. शंभर व्याख्यानांनी जे झालं नसतं ते त्या कॉलेजच्या हजेरीपटाने केलं. बाबांना मॅगसेसे, गांधी शांतता पुरस्कार असे मोठे सन्मान मिळाले. त्या सगळ्यांच्या वर मी हा हजेरीपट ठेवीन.

तरीही आनंदवन, दत्तपूर, तपोवन ही सारी ज्यांना घरातून आधीच काढून दिलं होतं त्यांच्यासाठीची घरं होती. तिथे आलेला माणूस सन्मानाने जगला, कमावता झाला, पण आपल्या गावी, आपल्या भावकीत परत गेला नाही. वस्ती कितीही मायेची असली तरी ती आहे याचाच अर्थ रोग्याला गावात जागा नाही, असा गावकऱ्यांच्या मनात होत राही. काढून टाकायला एक चांगली जागा मिळाली, असंही काहींनी मानलं असणार.

हा पेच ज्यांनी नेमका ओळखला त्यांचं नाव महाराष्ट्रात आज फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉ. आर. व्ही. वारदेकर. १९५१ मध्ये गांधी स्मारक निधीने वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू केलं, त्याचं काम वारदेकरांकडे आलं. देशात रोगी होते लाखोंनी आणि साऱ्या आश्रमांतल्या, इस्पितळांतल्या जागा काही हजार. आणखी वस्त्या बांधून हे गणित सुटणारं नव्हतं. नेमकं त्याच वेळी हातात औषध आलं होतं. अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलला १९४१ मध्ये गाय फॅजेट यांनी सल्फोन गटातलं प्रोमिन कुष्ठरोग्यांना दिलं आणि जखमा भरताना पाहिल्या. काही वर्षांतच त्याच गटातली डॅप्सोनची गोळी आली. गोळी स्वस्त होती आणि ती घ्यायला इस्पितळात राहावं लागत नव्हतं. वारदेकरांनी ठरवलं की प्रतिष्ठान नवी वस्ती उभारणार नाही. औषध रोग्याच्या दारात न्यायचं, रोग्याला दारातून हलवायचं नाही.

सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत हा प्रयोग सुरू झाला. त्याची तीन अंगं होती: पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार. १९२० च्या दशकात बंगालमध्ये अर्नेस्ट म्यूर यांनी प्रचार, उपचार, पाहणी अशी मांडणी करून पाहिली होती, पण तेव्हा हाती देण्यासारखं औषध नव्हतं. वारदेकरांकडे ते होतं. त्यांनी या कामासाठी डॉक्टर नसलेल्या तरुणांना शिकवून तयार केलं. हा कार्यकर्ता नेमून दिलेल्या गावांत घरोघर जाई, कुटुंबातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिही आणि प्रत्येकाला दिवसाच्या उजेडात तपाशी. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की त्यावर कापसाची वात टेकवायची, रोग्याला डोळे मिटायला सांगायचं आणि कळलं तिथे बोट ठेवायला लावायचं. कोपराच्या मागची नस जाड झाली आहे का ते चाचपायचं. सगळा खेळ विश्वासाचा होता. अंगरखा उतरवायला सांगणारा हा परका माणूस कोण? बायांना तपासणार कोण? आणि तपासून रोग निघालाच, तर शेजारणीला कळू न देता गोळ्या द्यायच्या कशा? कुष्ठरोगाची गाडी एखाद्याच्या दारासमोर उभी राहिली तर औषधाआधी बोभाटा त्या घरात शिरणार. म्हणून शाळेतल्या मुलांची सरसकट तपासणी, गावातल्या सगळ्यांचीच नोंद, मास्तरांना आधी समजावणं, असा मार्ग धरावा लागला. सगळ्यांना तपासलं की कुणा एकावर बोट उरत नाही. डॅप्सोन वर्षानुवर्षं घ्यायचं औषध होतं, काहींना जन्मभर. त्यामुळे कार्यकर्ता त्या घरी पुन्हा पुन्हा येत राही, आणि रोज दूध घालणाऱ्या, रोज शेतावर जाणाऱ्या माणसाचा चट्टा हळूहळू विरताना घरचे बघत.

कलंकावरचा हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरला असं माझं ठाम मत आहे. इथे पळून जाऊन परत येणारा नायक नाही, छायाचित्र नाही, उद्‌घाटन नाही. या कामाचं यश म्हणजे जे घडलं नाही ते: कुणाला रात्री गाडीत घालून घाटावर सोडलं नाही, कुणाच्या बहिणीचं लग्न मोडलं नाही. अशा न घडलेल्या गोष्टींची गणती कुठल्या अहवालात होत नाही. १९५५ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला तेव्हा त्याचा पाया वर्ध्याची हीच पद्धत होती.

डॉक्टरांच्या मनातलं कुंपण काढायलाही कुणीतरी लागत होतं. गावात रोगी घरी राहू लागला, पण हाड मोडलं, पोटात दुखलं तर सर्वसाधारण इस्पितळ त्याला दारात उभं करत नव्हतं. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अँटिया यांनी कोंढव्याच्या रोग्यांवर वाकड्या बोटांच्या, बसलेल्या नाकाच्या शस्त्रक्रिया केल्या आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातही कुष्ठरोग्यांना आणलं. कुष्ठरोग्याला शेजारच्या खाटेवर इतर रोगी असताना उपचार मिळायला हवेत, हा त्यांचा आग्रह होता. वाकडा हात सरळ झाला की माणूस पुन्हा भाकरीचा घास स्वतः मोडू शके, कुळवाच्या मुठीवर हात ठेवू शके. आणि बाजारात हात पदराआड किंवा खिशात लपवायची गरज राहत नसे.

१९६० च्या दशकात डॅप्सोनला दाद न देणारे जंतू आढळू लागले. त्यावर उतारा म्हणून रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन अशी औषधं एकत्र देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८१ मध्ये केली. हे बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाले त्यांत वर्धा होता. आता इलाज जन्मभराचा राहिला नाही. सौम्य रोगाला सहा महिने, जास्त जंतूंच्या रोगाला आधी दोन वर्षं, पुढे एक वर्ष. रिफॅम्पिसिनच्या पहिल्या काही मात्रांतच रोग्यापासून लागण होण्याचं भय जवळजवळ संपतं. १९८३ मध्ये सरकारी कार्यक्रमाच्या नावातला नियंत्रण हा शब्द जाऊन निर्मूलन आला.

कायदा मात्र जागचा हलायला तयार नव्हता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. ते घातलं तेव्हा डॅप्सोन आलेलं होतं, आणि पुढे बारा महिन्यांत रोग बरा होऊ लागला तरी ते कलम राहिलंच. पत्नीचा रोग बरा झालेला आहे, तिच्यापासून कुणालाही धोका नाही, असं डॉक्टरने लिहून दिलं तरी कुष्ठरोग हे नाव कायद्याच्या पानावर होतंच, आणि घरातल्या माणसांना तेवढं पुरेसं असे. विधी आयोगाने २०१५ मध्ये आपल्या २५६ व्या अहवालात असे सगळे भेदभाव काढून टाकायला सांगितलं. १८९८ चा कायदा अनेक राज्यांनी आधीच मोडीत काढला होता. केंद्राने तो २०१६ मध्ये रद्द केला. घटस्फोटाचं कलम गेलं ते २०१९ मध्ये. वर्ध्याचं प्रतिष्ठान सुरू झाल्यापासून मोजलं तर अडुसष्ट वर्षं.

आणखी एक घडलं, ज्याची खंत मला अधिक वाटते. २००५ च्या डिसेंबरमध्ये देशातलं रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आलं आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर केलं गेलं. पुष्कळांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. खास कुष्ठरोगासाठीची यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली, दारोदारची पाहणी थांबली. रोग्याने स्वतःहून दवाखान्यात यावं अशी अपेक्षा आली. पण ज्या रोगात लपवणं हाच पहिला उपाय वाटतो, त्यात स्वतःहून येतं कोण? चट्टा दुखत नाही, खाजत नाही. तो शर्टाखाली लपतो. माणूस दवाखान्यात येतो तोवर हाताची बोटं वळलेली असतात. बोटं वळली की जुनी भीती जशीच्या तशी परत येते, कारण लोक महारोग ओळखायला शिकले आहेत ते या बोटांवरूनच. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात सापडतात, वर्षाला लाखभर. त्यात लहान मुलं असतात. मुलाला रोग झाला याचा अर्थ घरात किंवा शेजारी कुणीतरी मोठं माणूस उपचाराविना राहिलं आहे.

म्हणून २०१६ पासून घरोघरच्या शोधमोहिमा पुन्हा सुरू झाल्या. ३० जानेवारी, गांधीजींचा स्मृतिदिन, देशात कुष्ठरोगविरोधी दिन म्हणून पाळतात. २०१७ पासून त्या दिवशी ग्रामसभांत स्पर्श या कुष्ठरोग जागृती अभियानाचं निवेदन वाचलं जातं. वारदेकरांचा कार्यकर्ता जे करी ते आता गावची आशाताई करते. घरात शिरते, सुनेला आतल्या खोलीत नेऊन पाठ बघते, बाप्याला बनियन वर करायला लावते, पोरांच्या दंडावर पांढुरका डाग दिसला तर उजेडात घेते. शंका आली की प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी. रोग निघाला तर महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट फुकट मिळतं. पहिल्या दिवशीच्या गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायच्या, उरलेल्या घरी. ज्याचे पाय बधिर झाले आहेत त्याला मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते, रोज पाय पाण्यात भिजवून तळवे कसे तपासायचे ते शिकवलं जातं. घरातल्या इतरांची तपासणी होते आणि त्यांना लागण टाळण्यासाठी रिफॅम्पिसिनची एक मात्रा देतात. रोगी त्याच घरात झोपतो, त्याच ताटात जेवतो, सकाळी कामाला जातो. पाकीट संपत आलं की आशाताई पुन्हा येते.